रणजितनं परत पाठवलेली कामं

बावीस वर्षं मी एक रेघ खाली येताना बघायचा पगार घेतला. गल्लीतल्या हळदीकुंकवाला मी हे सांगितलं, तेव्हा बायकांना वाटलं मी दवाखान्यात असते आणि कुणाचा तरी ताप उतरतोय का ते बघते. मी फारसा खुलासा केला नाही. खुलासा करायला गेलं की चहा गार होतो, हा अनुभव होता.

कोल्हापूरच्या शाहूपुरीत गुळाच्या एका अडतीच्या वर, तिसऱ्या मजल्यावर आमची सॉफ्टवेअर कंपनी होती. पस्तीस माणसं, दोन खिडक्या आणि एक लिफ्ट. लिफ्टवर 'बंद आहे' ही पाटी इतकी जुनी होती की नवी माणसं तिलाच लिफ्टचं नाव समजत. हंगामात खालून गुळाचा वास यायचा आणि मुंग्या थेट कीबोर्डात शिरायच्या. माझं पद 'प्रकल्प समन्वयक'. साध्या मराठीत सांगायचं तर दिवसभर लोकांना 'झालं का?' असं विचारणारी बाई. हेच काम मी घरी फुकट करत होते, त्यामुळे शिकायला वेळ लागला नाही.

आता धंदा काय होता ते सांगते. पूर्वी सॉफ्टवेअर करताना वर्षाचं काम एकदम ठरवायचे, वर्षाच्या शेवटी गिऱ्हाइकाला दाखवायचे आणि मग दोघं मिळून रडायचे. पुढे ॲजाइल नावाची पद्धत आली. तिच्यात कामाचे दोन-दोन आठवड्यांचे तुकडे पाडतात, त्या तुकड्याला स्प्रिंट म्हणतात आणि दर दोन आठवड्यांनी थोडं थोडं रडतात. रोज सकाळी दहाला सगळ्यांनी उभं राहून काल काय केलं आणि आज काय करणार ते सांगायचं. उभं अशासाठी, की उभा माणूस कमी बोलतो. ज्यानं हे शोधून काढलं तो कोल्हापूरला आलेला नसणार. आमच्याकडे पानपट्टीपुढं माणूस उभ्यानं दोन तास बोलतो आणि वर 'घाईत हाय' म्हणून निघतो.

माझी रेघ या स्प्रिंटची. आडवे दिवस मांडायचे, उभं उरलेलं काम. रोज उरलेलं मोजून ठिपका द्यायचा आणि ठिपके जोडायचे. रेघ उतरत उतरत शून्याला टेकली की स्प्रिंट संपला. चौथीतलं पोर काढेल इतकं सोपं. अवघड एवढंच, की 'उरलेलं काम' हा आकडा आणायचा कुठून? करणाऱ्याला विचारायचं, तपासणाऱ्याला विचारायचं, की वापरणाऱ्याला? बावीस वर्षं मी या एका प्रश्नावर काढली. त्यातली पहिली काही वर्षं तर मला हा प्रश्न आहे हेसुद्धा माहीत नव्हतं.

सुरुवातीला मी तासांवर भरवसा ठेवला. प्रत्येकानं रोज कुठल्या कामावर किती तास दिले ते भरायचं आणि ते तास एकूण अंदाजातून वजा करायचे. रेघ अशी सरळ उतरली की पट्टीनं आखल्यासारखी. मी हरखून गेले. नंतर कळलं, सगळेजण शनिवारी दुपारी बसून आठवड्याचे तास एकदम भरत होते आणि रोजचे आठ लिहीत होते. एकानं जोतिबाच्या यात्रेच्या सुट्टीलाही आठ तास लिहिले होते. त्याला विचारलं तर म्हणाला, "मॅडम, डोक्यात कामच चालू हुतं की." त्याला काय बोलणार? डोंगरावर गुलालात माखलेल्या माणसाच्या डोक्यात काय चाललंय हे मोजायचं यंत्र आमच्याकडे नव्हतं.

मग मी करणाऱ्याच्या शब्दावर आले. भिंतीवर तीन रकाने केले, प्रत्येक कामाची चिठ्ठी लावली. काम संपलं की प्रोग्रामरनं आपल्या हातानं चिठ्ठी 'झालं' या रकान्यात न्यायची. तेव्हा आम्ही पन्हाळ्यावरच्या एका हॉटेलासाठी खोल्या राखून ठेवायचा प्रोग्रॅम करत होतो. चिठ्ठ्या भराभर 'झालं'मध्ये गेल्या, रेघ वेळेच्या आधी शून्याला आली, आम्ही एकमेकांना पेढे दिले. पहिल्याच शनिवारी गडावर धुकं उतरलं आणि एकाच खोलीच्या दारात चार कुटुंबं उभी राहिली. चौघांच्या हातात आमच्या प्रोग्रॅमनं छापलेली पावती. हॉटेलमालकानं मला फोन करून एवढंच विचारलं, "मॅडम, ह्येंना एकावर एक झोपवू काय?"

ज्याचं ते काम होतं त्यानं शपथ घेतली की त्याच्या कॉम्प्युटरवर सगळं बरोबर चालत होतं. मला त्याच्या शब्दाचा संशय नव्हता. पण त्याच्या कॉम्प्युटरवर गडावरचं धुकं आणि चार कुटुंबं कधी आलीच नव्हती. त्या दिवशी मी ठरवलं, करणाऱ्याचं 'झालं' मोजायचं नाही. तपासणारा जेव्हा 'पास' म्हणेल तेव्हाच ठिपका खाली आणायचा. तपासणाऱ्यानं काम परत पाठवलं तर ते पुन्हा उरलेल्यात. या सुधारणेचा मला फार अभिमान होता, आणि पुढचं सगळं त्या अभिमानातूनच घडलं.

आमचा तपासणारा, म्हणजे टेस्टर, एकच. रणजित. तिशीचा, धिप्पाड, मिशा कोरलेल्या. अक्षर मात्र बालवाडीतल्या बाईंसारखं गोल. चूक काढण्यात त्याचा हात धरणारा कोणी नव्हता. जिथं नाव लिहायचं तिथं तो शिवी लिहून बघे, जिथं वय लिहायचं तिथं उणे चार. "वापरणारं कसलं असतंय सांगता येत न्हाय मॅडम," असं त्याचं तत्त्वज्ञान. प्रोग्रामर सहा होते आणि त्यातला सगळ्यात वेगवान विक्रम. अठ्ठावीस वर्षांचा, सडपातळ, उभ्या सभेत एका पायावर उभा राहणारा. आमच्याच शिवाजी पेठेतला. रणजित पलीकडच्या पेठेतला. एवढी माहिती माझ्याकडे होती आणि ती मला निरुपयोगी वाटत होती.

काम एका फाउंड्रीचं होतं. भट्टीत लोखंड वितळवून साच्यात ओततात, त्या प्रत्येक ओतीला एक नंबर असतो आणि त्या ओतीतल्या प्रत्येक कास्टिंगवर, म्हणजे ओतून निघालेल्या भागावर, तो नंबर लागतो. पुढे एखादं कास्टिंग फुटलं तर कुठल्या ओतीतलं ते कळावं म्हणून. हे सगळं वहीतून कॉम्प्युटरवर आणायचं होतं. मालकांना सगळे अण्णा म्हणत. गडहिंग्लजकडचं लिंगायत घराणं, कपाळाला भस्माची तीन बोटं आणि घरात अर्धं बोलणं कानडी. महिन्यातून एकदा ते आमचे तीन जिने चढून येत आणि पहिली पाच मिनिटं फक्त लिफ्टला शिव्या देत.

तपासणाऱ्याच्या शब्दावर काढलेली माझी रेघ आता खरी वाटत होती. मधेच वर उसळे, मधेच धाडकन खाली येई, पण जिवंत होती. आमचे संचालक, ज्यांना आम्ही सर म्हणायचो, ते तर तिच्या प्रेमात पडले. जानेवारीत ते म्हणाले, "मॅडम, माणसागणिक काढा ना. कुणाची किती कामं परत येतात ते दिसू दे." मी काढलं. स्वतःच्या हातानं, सहा रंगांत, भिंतीवर सगळ्यांना दिसेल असं. पाच रंग तळाला गुण्यागोविंदानं नांदत होते. सहावा, लाल, विक्रमचा. दोन दिवस आभाळाला जायचा, आठवडाभर जमिनीवर, पुन्हा दोन दिवस आभाळाला.

मधे एक प्रकरण झालं. फेब्रुवारीत एका दुपारी रणजितनं तासाभरात विक्रमची अकरा कामं पास केली. रेघ अशी कोसळली की सरांनी तिचा फोटो काढून मित्रांना पाठवला. त्या अकरांत कास्टिंगवरचा नंबर छापायचं कामही होतं. चार दिवसांनी अण्णांच्या कारखान्यात दोन वेगळ्या ओतींवर एकच नंबर छापला गेला आणि त्यांच्या माणसांनी रात्रपाळी लावून शेकडो कास्टिंगवर खडूनं नंबर टाकले. अण्णांनी फोनवर मला जे सांगितलं त्यातलं कानडी मला कळलं नाही, ही देवाची कृपा. खापर फुटलं विक्रमवर, कारण काम त्याचं होतं. ते पास कुणी केलं हे कुणी विचारलं नाही. मीही नाही.

मार्चमध्ये आढावा झाला. सोमवारचा दिवस, खोलीत सर, विक्रम आणि मी, तिघंच. सरांनी माझा सहा रंगांचा तक्ता पडद्यावर लावला आणि म्हणाले, "आकडे बोलतात." मग विक्रमला फाउंड्रीच्या कामातून काढलं, पगारवाढ थांबवली आणि तीन महिन्यांची मुदत दिली. विक्रम एका पायावरून दुसऱ्या पायावर गेला, एवढंच. मंगळवारी त्यानं राजीनामा दिला. पुण्याची एक कंपनी दोन वर्षं त्याच्या मागं होती आणि तो 'कोल्हापूर सोडवत न्हाय' म्हणून टाळत होता. सरांनी शनिवार शेवटचा दिवस ठरवला. मला वाईट वाटलं. पण तक्त्याचं वाईट वाटलं नाही, हे कबूल करते. उलट आत कुठंतरी वाटलं, बघा, माझी रेघ चुकत नाही.

बुधवारी अण्णा आले. लिफ्टला शिव्या देऊन झाल्यावर भिंतीपुढं उभे राहिले आणि लाल रेघेवर बोट ठेवलं.

"अक्का, ह्यो कोण?"

मी सांगितलं. तो जातोय हेही सांगितलं.

"म्हंजे मोल्डरला, साचं करणाऱ्यालाच हाकललासा." अण्णांनी माझ्याकडे बघितलं. "आमच्यात रिजेक्शन वाढलं की आमी आदी मोल्डरच्या अंगावर जात न्हाई. वाळू ओली हुती काय बघतो. मग तपासाय कोण बसलावता ते बघतो. एकच कास्टिंग दोन तपासणाऱ्यांस्नी द्या, एक म्हणंल देवळात ठेवा, दुसरा म्हणंल भंगारात टाका."

"आमच्याकडे तपासणारा एकच आहे," मी जरा ताठ्यातच म्हणाले.

"मग तर लईच बघाय पायजे. ही रेघ बघा की. दोन दिस ताप, आठ दिस गार. हिवताप हाय ह्यो. येड्या हाताचं काम रोज येडं असतंय अक्का, त्येला वार नसत्यात."

हिशेबाची नव्हे, संख्याशास्त्राची पदवी माझ्याकडे. आणि हे मला एका भस्म लावलेल्या ओतकाम करणाऱ्या माणसानं, उभ्या उभ्या, चहा यायच्या आत सांगितलं. ते गेल्यावर मी लाल रेघ जिथं जिथं उसळली ते दिवस कागदावर उतरवले. मग माझ्याच ड्रॉवरमधली रजेची वही काढली. बहुतेक उसळ्यांच्या आदल्या दिवशी विक्रमची अर्धी रजा होती. दुपारी तीननंतर. सही माझी.

आता एक लाजिरवाणी गोष्ट सांगते. मी शिवाजी पेठेत राहते आणि मला फुटबॉल कळत नाही. आमच्याकडे हे म्हणजे देवळाच्या दारात राहून देव कुठला ते माहीत नसण्यासारखं. तालमींचे, म्हणजे पेठांतल्या जुन्या आखाड्यांचे, संघ, त्यांचे पाठीराखे, सामन्याच्या दिवशी मोटारसायकलींच्या रांगा, जिंकल्यावर फटाके. मी या सगळ्याला उत्तर म्हणून खिडकी लावून घ्यायचे. त्या संध्याकाळी घरी गेले आणि यजमानांनी बांधून ठेवलेला रद्दीचा गठ्ठा सोडला. "रद्दीवाला परवा यायचा हाय," असं ते ओरडत राहिले. मी स्थानिक पानांवरच्या सामन्यांच्या बातम्या काढून तारखा लावल्या. विक्रम आमच्या तालमीचा डावीकडून खेळणारा आघाडीवीर होता. बातमीत त्याचा फोटोही होता, एका पायावर. विक्रमची तालीम जिंकली किंवा रणजितची हरली, की पुढचे दोन दिवस विक्रमची कामं परत. आणि फेब्रुवारीतल्या त्या अकरा कामांच्या दिवशी बातमीचा मथळा रणजितच्या तालमीच्या विजयाचा होता.

तीन महिने मी भिंतीवर फुटबॉलचा मोसम लावला होता. सहा रंगांत.

इथं गोष्ट संपायला हवी होती. मी उठून सरांना फोन करायला हवा होता. विक्रम अजून कोल्हापुरात होता, आमच्या घरापासून चार गल्ल्यांवर. पण दुसऱ्या दिवशी, गुरुवारी, उद्योजकांच्या एका मेळाव्यात माझं भाषण होतं. विषय होता 'आकडे कुठून घ्यावेत'. मी खोटं सांगत नाही. सरांनीच जमवून दिलं होतं, पत्रिका छापल्या होत्या, माझ्या नावापुढं तज्ज्ञ असं लिहिलं होतं. मला वाटलं, भाषण होऊ दे, मग सांगू.

भाषण झालं. तपासणाऱ्याचा शब्दच खरा, असं मी तीनशे लोकांना ठणकावून सांगितलं. पन्हाळ्याच्या चार कुटुंबांवर लोक पोट धरून हसले. शाल मिळाली, नारळ मिळाला. शुक्रवारी दोघातिघांनी अभिनंदनाचे फोन केले आणि त्या फोनांनंतर सरांकडे जाऊन 'तो तक्ता चुकला' म्हणायला माझी जीभ रेटेना. शनिवारी विक्रमच्या निरोपाला सामोसे आले. मी एक खाल्ला. विक्रम माझ्या टेबलापाशी आला, वाकून नमस्कार केला आणि म्हणाला, "मॅडम, तुमचा चार्ट काय खोटं बोलत न्हाय. माझंच कुटंतरी चुकत असंल."

तो टोमणा असता तर बरं झालं असतं. तो मनापासून बोलत होता. आणि मी म्हणाले, "पुण्यात तब्येतीला जप." आजही ते वाक्य आठवलं की मला माझ्याच तोंडात मारावंसं वाटतं.

रविवारी तो गेला. सोमवारी मी सरांच्या खोलीत जाऊन सगळं सांगितलं. रद्दीतली कात्रणं टेबलावर मांडली. सरांनी एकेक कात्रण उचलून तारीख वाचली.

"चुका खोट्या होत्या का?"

"नाही. सगळ्या खऱ्या होत्या."

"मग?"

"बाकीच्या पाच जणांच्या चुका त्या नजरेनं कुणी बघितल्याच नाहीत, सर. बघितल्या असत्या तर त्यांच्याही रेघा आभाळाला गेल्या असत्या."

"तुम्हाला हे कधी कळलं?"

"बुधवारी."

"आज सोमवार आहे," सर म्हणाले. त्यांनी माझ्यासमोर विक्रमला फोन लावला, वाढ देतो, परत ये म्हणाले. पण त्यानं त्या दिवशी सकाळीच पुण्यात दोन वर्षांच्या करारावर सही केली होती. बुधवारी फोन गेला असता तर ती सही झाली नसती. हे मी स्वतःला आजवर खूप वेगवेगळ्या प्रकारे समजावून बघितलं, पण वार काही बदलत नाहीत.

मग रणजितला बोलावलं. तो भांडायच्या तयारीनंच आला.

"खोटी एकबी चूक लिवलेली न्हाय मॅडम. असली तर दावा. आत्ता नोकरी सोडतो."

"मला माहीत आहे. पण हरल्यावरच का सापडतात?"

रणजितनं मान खाली घातली. त्याची बोटं सुजलेली होती. सामन्याला गॅलरीत हलगी तोच वाजवतो, हे मला त्या दिवशी कळलं. "हरल्यावर डोळं उघडं ऱ्हात्यात ओ. काय बी बघितलं तरी चूकच दिसती. आन त्येचं काम समोर आलं की त्येनं मारलेला गोल दिसतोय."

"आणि जिंकल्यावर?"

"जिंकल्यावर कोण तपासतंय, मॅडम?"

मला त्याला ओरडायचं होतं. पण हा माणूस जितकं खरं बोलला तितकं मी ज्या तीनशे लोकांसमोर भाषण केलं त्यांच्यातल्या कुणालाही बोलता आलं नसतं. मलाही नाही. शाल पांघरून घेतल्यावर मी काय तपासलं होतं? मी त्याला एवढंच सांगितलं की विक्रमनं नोकरी का सोडली. तोपर्यंत त्याला वाटत होतं, पुण्यात जास्त पगार मिळाला म्हणून गेला. तो खुर्चीत बसला तो बसलाच.

तक्ता मी भिंतीवरून काढला. त्यानंतर काम कुणाचं आहे ते तपासणाऱ्याला कळू नये अशी सोय केली आणि दुसरा टेस्टर घेऊन काही कामं दोघांनाही द्यायला लागले. अण्णांचीच पद्धत, फक्त लोखंड नव्हतं. दोघांचं जमलं नाही की मी चहा मागवायचे आणि ते भांडण ऐकायचे. माझ्या नोकरीत मला मिळालेली सगळ्यात खरी माहिती त्या भांडणांतून मिळाली. रणजितला मात्र नावं झाकल्याचा उपयोग नव्हता. "नाव कशाला पायजे?" तो म्हणायचा. "काम बघूनच कळतंय, ह्यो विक्रम न्हाय."

विक्रम गेल्यानंतरच्या रविवारी अंतिम सामना होता. आमची तालीम आणि रणजितची तालीम. विक्रमला पुण्यात सुरुवातीचं प्रशिक्षण होतं, रविवारीही सुट्टी नाही. जन्मात पहिल्यांदा मी सामन्याच्या दिवशी खिडकी उघडी ठेवून बसले. फटाके वाजले, पण लांब वाजले, पलीकडच्या पेठेत. आमच्या गल्लीत इतकी शांतता होती की शेजारच्या कुकरच्या शिट्ट्या मोजता आल्या. एक-शून्य. डावीकडून बॉल आत टाकायला माणूसच नव्हता, असं सगळे म्हणत होते.

पेठेत बातमी लपत नाही. सोमवारी सकाळी दूधवाल्यानं पिशवी ठेवली आणि गेला नाही. "मॅडम, ते चार्ट काडनाऱ्या बाई तुमीच न्हवं?" मी व्हय म्हणाले. "न्हाय, इचारलं आपलं," म्हणाला आणि पुढचे पंधरा दिवस मला पातळ दूध मिळालं. तालमीच्या कट्ट्यावरून जाताना एक म्हातारा मोठ्यानं म्हणाला, "आली की रे रेघ खाली!" आणि सगळा कट्टा हसला. मी मान खाली घालून पुढं गेले. बरोबरच होतं त्यांचं. मला शिक्षा करायचा अधिकार सरांपेक्षा त्यांनाच जास्त होता.

ऑफिसात गेले तर रणजित जागेवर होता. जिंकल्याच्या दुसऱ्या दिवशी तो कधी वेळेवर येत नसे. पेढे नाहीत, गुलाल नाही.

"जिंकलात की," मी म्हणाले.

"त्यो नसताना जिंकलो. ह्येला जिकनं म्हणत्यात व्हय?" असं म्हणून त्यानं समोरचं काम उघडलं.

विक्रमला फोन करायला मला आणखी दोन महिने लागले. माफी मागायची सवय नसली की आपण आधी हवापाण्यावर बोलतो, तसं बोलून झालं. मग मी सांगितलं. बुधवारी कळलं होतं, गुरुवारी भाषण केलं, शनिवारी सामोसा खाल्ला, सगळं.

"मला म्हाईत हुतं की मॅडम," तो म्हणाला.

"काय माहीत होतं?"

"रणज्याचं. जिकल्यावर दुसऱ्या दिवशी मार खायचाच, ह्ये ठरलेलंच हुतं. मैदानातलं भांडण, ऑफिसात कशाला सांगायचं? आमी हरलो आन मी टेस्टर असतो तर मीबी तेच केलं असतं. तुमी चार्ट लावशीला ह्ये काय आमाला म्हाईत न्हवतं."

"मग त्या दिवशी का म्हणालास, माझंच चुकत असेल?"

"चुका हुत्या न्हवं? त्येनं काडलेली एकबी खोटी न्हवती." मग म्हणाला, "हितली टेस्टर चांगली पोरगी हाय. लई गोड बोलती. सगळं पास करती. मॅडम, करमत न्हाय ओ."

तो पुढं म्हणाला, "आमचं ॲप कालपास्नं लोकांस्नी उघडं केलंय. रणज्याला म्हणावं मोबाईलवर घे आन जरा बघ. पण जिकल्यागत न्हाय. हरल्यागत बघ म्हणावं."

मी निरोप दिला. रणजितनं खुर्ची पुढं ओढली, मोबाईल टेबलावर टेकवून उभा केला आणि दुपारचा डबा न उघडता बसला. नावाच्या जागी शिव्या, वयाच्या जागी उणे चार, सगळं पहिल्यापासून. संध्याकाळी गोल अक्षरात लिहिलेला कागद त्यानं माझ्यासमोर ठेवला. एकोणीस चुका. मी कागदाचा फोटो विक्रमला पाठवला आणि लगेच त्याचा फोन आला. रणजित शेजारीच उभा होता, म्हणून मी आवाज मोठा केला.

"एकोणीसच?" विक्रम ओरडत होता. "तीन-शून्यनं हाणलं तवा बावीस काडलेल्या भाड्यानं! म्हणावं, फायनल जिकून मऊ पडलास!"

रणजितनं माझ्या हातातून कागद घेतला, जागेवर जाऊन बसला आणि पुन्हा पहिल्यापासून बघायला लागला.